रूथ, विलो फोर्कची

तुला 'तू' म्हणायचं हे तूच ठरवलं होतंस. एका सकाळी सिंगापूरमधल्या बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या झाकलेल्या खाऊगल्लीत, बसलो असताना तू विचारलंस, "तुमच्या भाषेत 'यू'साठी शब्द किती?" मी म्हटलं, दोन. आणि उदाहरण दिलं. लग्न झालं की आमच्याकडे मुलीला दोन आया होतात. जन्म दिलेल्या आईला ती म्हणते, 'अगं आई, तू जेवलीस का?' आणि सासूला म्हणते, 'अहो आई, तुम्ही जेवलात का?'

तू कॉफीचा कप खाली ठेवलास. "म्हणजे बाई कुठल्या घरात उभी आहे ते एका शब्दावरून कळतं?"

"कळतं."

"मग मला पहिल्या आईचा शब्द दे. दुसऱ्या आईचा माझा जन्मभर वापरून झालाय."

म्हणून इथेही 'तू'. माझ्या सासूबाईंनी हे वाचलं तर म्हणतील, ऐंशीच्या पुढच्या बाईला एकेरी? पण त्यांना काय माहीत, ही परवानगी कुणी दिली ते.

तू गेलीस त्याला अजून महिनाही झाला नाही. भेटेल तो मला सांगतो, वय झालं होतं. झालं होतंच. पण वय झालेलं माणूस गेलं म्हणजे ते थोडं कमी जातं, असं आहे का?

आपली ओळख मक्यामुळे झाली. आम्ही नुकतेच पुण्याहून आलो होतो. अमितला वन-नॉर्थमधल्या कंपनीत नोकरी मिळाली होती, आमची सई प्लेस्कूलला जायला लागली होती, आणि मी, पुण्यात शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या राहण्याच्या पासवर दिवसभर फ्लॅटमध्ये. त्या दिवशी मार्केटमध्ये मी कणसाची साल जराशी सोलून दाण्यात नख रोवून बघत होते. दूध निघालं तर कोवळं, नाही तर निबर. शेजारी एक उंच, पांढऱ्या केसांची, उन्हानं लालबुंद झालेली गोरी म्हातारी नेमकं तेच करत होती. भाजीवाली आंटी दोघींवर एकदमच कडाडली, "आयो, डोन्ट प्रेस लाह! यू प्रेस ऑलरेडी, हू वॉन्ट टू बाय?"

शाळेत कॉपी करताना सापडावं तसे आपण हात मागे घेतले. तेवढ्यावर थांबली असतीस तर ती तू कसली! तू आंटीला शांतपणे सांगितलंस की हा मका गेल्या आठवड्यातला आहे. मग आंटी आणखी भडकली आणि टोचलेली सगळी कणसं आपल्याला निमूटपणे विकत घ्यावी लागली.

"हे नखाचं कुठे शिकलीस?" तू विचारलंस.

"आईकडून."

"मीही." आणि मग, "कॉफी पिणार?"

तू काळी, बिनसाखरेची कॉफी प्यायचीस. मी कंडेन्स्ड मिल्क घातलेली. माझ्या कपाकडे बघून तू दर वेळी नाक मुरडायचीस, आणि दर वेळी शेवटचा घोट मागून घ्यायचीस.

तू 'लेडी' आहेस, म्हणजे एका लॉर्डची बायको, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. तुमच्या कॉन्डो सोसायटीचे गार्ड अंकल तुला 'मिस लेडी' म्हणत. मला वाटायचं, हे त्यांचं इंग्रजी. एकदा त्यांनीच मला विचारलं, "युवर फ्रेंड, फर्स्ट नेम लेडी, इज इट? टपालावर असंच लिहून येतं." मी तुला विचारलं तेव्हा तू इतकी हसलीस की डोळे पुसावे लागले. "त्यांना सांगू नकोस. लेडी ग्लेनॉरी व्हायला मला फार त्रास पडला. मिस लेडी व्हायला काहीच करावं लागलं नाही."

मग हळूहळू एकेक कळत गेलं. तू अमेरिकेतली, नेब्रास्काची. विलो फोर्क नावाचं गाव, ज्यात एक चर्च, एक शाळा, एक धान्याचं कोठार आणि नजर पोचेल तिथवर मका. वडील गुरं पाळायचे. तू बावीस वर्षांची असताना ते जातिवंत वळू विकत घ्यायला स्कॉटलंडला निघाले आणि हौसेनं तुला बरोबर घेऊन गेले. पुढची गोष्ट तू एका वाक्यात सांगायचीस: "माझे बाबा वळू आणायला गेले. वळू घेऊन आले आणि मुलगी तिथेच ठेवून आले."

पण मला ती सविस्तर हवी असायची. लिलावाच्या आवारात फाटक्या कोपरांचा कोट घातलेला एक तरुण एका काळ्या वळूची दोरी धरून उभा होता. तुला वाटलं, हा गडी. तू त्याला सांगितलंस, याचे मागचे पाय कमजोर आहेत. तो म्हणाला, हा माझ्या वडिलांचा वळू आहे. तू म्हणालीस, मग वडिलांना सांग. तो हसला. तोच अ‍ॅलिस्टर. संध्याकाळी जेवणाच्या दालनात त्याचे वडील आत आले आणि सगळे उठून उभे राहिले, तेव्हा तुला उमगलं की आपण सकाळी कुणाच्या वळूला नावं ठेवली. "आणि पाय?" मी विचारायचे. "पाय कमजोरच होते," तू म्हणायचीस. "बाबांनी दुसरा घेतला."

त्या घराचं वर्णन तू कधीच परीकथेसारखं केलं नाहीस. बुरूज वगैरे होते म्हणे, पण तुला आठवायचा तो गारठा. स्वयंपाकघर जेवणाच्या खोलीपासून इतकं लांब की सूप टेबलावर येईपर्यंत थंड. सोफ्यांवर कुत्री झोपलेली आणि माणसं खुर्च्या शोधत फिरणारी. आणि सासूबाई. पहिल्याच जेवणात वाढणाऱ्या मुलीला तू 'थँक यू' म्हणालीस, तर त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या की आपल्या घरात असं करत नाहीत. तू त्यांच्या आवाजात, हनुवटी वर करून, ते वाक्य म्हणून दाखवलंस आणि मला हसू आवरेना.

"काय झालं?"

"अगं, हे वाक्य तर आमच्या कोथरूडमध्येही आहे! 'आमच्याकडे असं नसतं हो.'"

मी लग्न होऊन गेले तेव्हा आमटीत गूळ घालू की नको इथपासून टॉवेल कुठल्या दांडीवर वाळत घालायचा इथपर्यंत ते मला ऐकावं लागलं होतं. तू ते वाक्य मराठीत पाठ केलंस. शेवटचा 'हो' इतका लांबवायचीस की माझ्या सासूबाईही फिक्या पडाव्यात. माझ्या कॉफीतलं कंडेन्स्ड मिल्क बघितलं की, सईनं आईस्क्रीमला बोट लावलं की, बसमध्ये कुणी मोठ्यानं फोनवर बोललं की, तू माझ्याकडे झुकून हळूच म्हणायचीस, "आमच्याकडे असं नसतं होऽऽ." सई तर तुला भेटली की आधी तेच म्हणायला लावायची. "आंटी रूथ, से द थिंग, लाह!"

पण मी तुझ्या सासूबाईंना खलनायिका करायला निघाले की तू आडवी यायचीस. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा नर्स होती, तरी दुपारचं तूच बसायचीस. एका दुपारी त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "तुझ्या गावाकडे डोंगर आहेत का?" इतक्या वर्षांत तुझ्या गावाबद्दल त्यांनी विचारलेला तो पहिला प्रश्न. तू म्हणालीस, नाही, सगळं सपाट. वादळ येताना खूप आधीपासून दिसतं. त्या म्हणाल्या, "मग मनाला बरं वाटत असेल. अचानक काही होत नसेल."

बस, एवढंच. पण हे सांगताना तुझा चेहरा असा झाला होता, जणू एखाद्या राणीनं हातात काही ठेवलंय. मला तेव्हा थोडा रागच आला होता, की एवढ्यावर कसं कुणी खूश होतं. आता वाटतं, तुला बरोबर कळलं होतं. त्या बाईला जेवढं देता येत होतं तेवढं तिनं दिलं होतं.

नावाचा वाद आपण किती वेळा घातला! सुरुवात माझ्याकडूनच झाली. मी सहज म्हणाले की लग्नात माझं नाव बदललं. "अर्थात, आडनाव," तू म्हणालीस. मी म्हटलं, आडनाव तर बदललंच, पण नावही. ताटात तांदूळ पसरतात, नवरा त्यावर अंगठीनं नवं नाव लिहितो, आणि मग सगळ्यांना पेढे वाटतात. माझं माहेरचं नाव कुंदा. त्या दिवसापासून अनुजा.

तू चालता चालता थांबलीस. ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी, मागून सायकलवाले घंटा वाजवतायत आणि तू वाटेच्या मधोमध उभी. "पहिलं नाव? तुझं स्वतःचं पहिलं नाव?"

"मला आवडलं की. कुंदा हे माझ्या वडिलांच्या आत्याचं नाव. शाळेत मला चिडवायचे."

"तुला विचारलं होतं?"

"नाही."

"मग आवडलं ही नशिबाची गोष्ट झाली."

मी म्हणायचे, रूथ, तू उगाच मोठं करतेस, नावात काय एवढं. तू म्हणायचीस, काही नसतं तर बदलायचा खटाटोप कुणी केला असता? मग मी म्हणायचे, तूही लेडी झालीसच ना. तू म्हणायचीस, म्हणूनच मला कळतं. यात कुणी जिंकलं नाही. तुझा मुद्दा मी आजही पूर्ण मानत नाही. अनुजा या नावानं मी इतकं जगले आहे की ते आता माझंच आहे. पण त्या दिवसापासून तू मला कुंदा म्हणायला लागलीस. 'कु' म्हणताना ओठांचा चंबू, आणि 'दा' असा की बंदूक उडावी. पुण्यातल्या माहेरच्या चार माणसांखेरीज हे नाव आता कुणी घेत नाही. सिंगापूरभर एकटी तू घ्यायचीस. परवा आईनं फोनवर "कुंदे" म्हटलं आणि मला फोन खाली ठेवून थोडा वेळ खिडकीशी उभं राहावं लागलं.

एका वर्षी समुद्रापलीकडची जंगलं पेटली आणि इथे धूर भरला. समोरचा ब्लॉक दिसेना. आपलं फिरणं बंद झालं. तू तोंडाला मास्क लावून टॅक्सीनं आमच्या फ्लॅटवर यायला लागलीस. पहिल्या दिवशी दारातच वास घेत म्हणालीस, "आमच्याकडे वसंतात कुरणं पेटवतात. असाच वास." मी म्हटलं, आमच्याकडे ऊस तोडला की पाचट पेटवतात, तोही असाच. मग आपण दोघी, सगळं शहर ज्या वासाला शिव्या घालत होतं, तो वास हुंगत बसलो. मी थालीपीठ लावत होते. मधोमध बोटानं भोक पाडलं तर तू म्हणालीस, "हे कशाला?" मी म्हटलं, तेल सोडायला, आतून खरपूस होतं. तू सिंकवर हात धुतलेस, तुझ्या त्या लांब बोटांनी पीठ थापलंस आणि भोक पाडायला गेलीस तर थालीपीठच फाटलं. तरी तेच तू खाल्लंस, लोण्याचा गोळा घेऊन, उभ्या उभ्या, ओट्याला टेकून. म्हणालीस, "उभं राहून, स्वयंपाकघरात. माझ्या सासूबाई मला बघतील तर!"

त्याच दुपारी तू घर सोडल्याचं सांगितलंस. अ‍ॅलिस्टर गेला. तुम्हाला एकच मुलगी, कर्स्टी. आणि त्या घराण्यात पदवी आणि घर दोन्ही मुलग्यांकडे जातं. म्हणून आधीच गेलेल्या धाकट्या दिराचा मुलगा, जेमी, लॉर्ड झाला. तो वाईट नाही, हे तू दर वेळी आवर्जून सांगायचीस. त्यानं तुला बागेपलीकडचं छोटं घर देऊ केलं होतं, हवं तितके दिवस राहा म्हणाला होता. तू नको म्हणालीस.

"का?"

"जिथे किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला होता, तिथे दार वाजवून आत जायचं?" मग थोडं थांबून, "आणि कर्स्टीला तिथे पाहुणी झालेलं मला बघवलं नसतं. ती त्या जिन्यावर रांगली होती."

कर्स्टी तेव्हा इथे रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत होती. तिनं म्हटलं, ये. तू दोन बॅगा घेऊन आलीस. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, ज्या देशात कुणाला ओळखत नाही तिथे, लिफ्ट आणि पोहण्याचा तलाव असलेल्या इमारतीत, आणि आल्या आल्या मार्केटमध्ये जाऊन आंटीशी मक्यावरून भांडलीस. तुझ्याइतकं धाडस माझ्यात नाही, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. तुला आवडलं नसतं. 'धाडस कसलं, जेवायला लागतं,' असं काहीतरी म्हणाली असतीस.

कबरीवरच्या दगडाचा विषय तू गेल्या वर्षी काढलास. अ‍ॅलिस्टरच्या स्मृतिदिनी आपण समुद्राकाठच्या बाकावर बसलो होतो. त्या घराण्याचं स्वतःचं दफनाचं आवार आहे, चर्चच्या मागे, लोखंडी कठड्याच्या आत. अ‍ॅलिस्टरच्या दगडावर त्याच्या नावाखाली तुझ्यासाठी जागा रिकामी ठेवलेली आहे. "तिथे लिहिणार, 'आणि त्याची पत्नी, लेडी ग्लेनॉरी'. आत आधीच पाच लेडी ग्लेनॉरी आहेत. मी सहावी. कोण कुठली हे देवाला तरी कळत असेल का!"

आणि मग तू जे सांगितलंस ते मला माहीत नव्हतं. कठड्याच्या बाहेर, गावाच्या दफनभूमीत, मेंढपाळाची बायको असो, लोहाराची असो, प्रत्येकीच्या दगडावर तिचं माहेरचं नाव आहे. स्कॉटलंडची जुनी रीतच तशी. बाई मेली की ती आपल्या नावानं पुरली जाते. फक्त कठड्याच्या आतल्या बायकांना ती रीत लागू नाही, कारण त्यांना पदवी आहे.

"मला कठड्याबाहेरच्या बायकांसारखं हवंय," तू म्हणालीस. "रूथ लिंडक्विस्ट. विलो फोर्क, नेब्रास्का. अ‍ॅलिस्टरची बायको हे खाली लिहा. ते मला आवडतंच."

मी म्हटलं, आमच्याकडे दगडच नसतो. राख नदीत सोडतात. नाव राहतं ते लोकांच्या तोंडी.

"कुणाच्या तोंडी? आणि कुठलं नाव, कुंदा?"

मग तू मुद्द्यावर आलीस. कर्स्टीशी तू एकदा बोलली होतीस, तिनं विषय बंद केला होता. पुन्हा काढला तर ती रडेल, आणि तिला रडताना बघून तू माघार घेशील. "तू सांग तिला. मी गेल्यावर. ती तुझं ऐकेल."

"रूथ, हे तुमच्या घरातलं आहे. बाहेरच्यानं त्यात पडू नये."

"बाहेरची? तू?"

तू रागावलीस. नेहमी बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचीस, त्या दिवशी आली नाहीस. चार दिवसांनी फोन केलास तो मार्केटला कोवळा मका आलाय हे सांगायला. गेलो, आणला, खाल्ला. दगडाबद्दल ना तू बोललीस, ना मी. मी हो म्हटलं नव्हतं आणि तूही विचारणं सोडलं नव्हतंस; ते आपल्या दोघींत तसंच राहिलं, बाकावर मधे ठेवलेल्या पिशवीसारखं.

मग पक्षाघातानं तुझा डावा हात गेला आणि वाचाही. हॉस्पिटलमध्ये कर्स्टी एका बाजूला, मी दुसऱ्या. तुझे डोळे मात्र पूर्वीसारखेच, सगळं टिपणारे. नर्सनं तुला चमच्यानं काहीतरी पांढरट, गिळगिळीत भरवलं. मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, "आमच्याकडे असं नसतं होऽऽ." तुझ्या ओठाचा उजवा कोपरा हलला. कर्स्टीनं विचारलं, काय म्हणालीस? मी म्हटलं, मराठीतला विनोद आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉफी आणायला खाली गेली होती, मी बसने निघाले होते, आणि तेवढ्यात तू गेलीस. आम्हा दोघींनाही चुकवून. ते मला तुझ्या स्वभावाला धरूनच वाटलं.

तुला मंडाईला नेलं. पुण्याच्या माणसाला मंडई म्हटलं की वांगी, मेथीच्या जुड्या आणि भाव करणाऱ्या बायका आठवतात. इथे मंडाई म्हणजे स्मशान. एवढ्या शोकात मला ते सुचलं आणि हसू आलं. आणि पहिला विचार आला की हे रूथला सांगायला हवं.

नंतर काही दिवसांनी मी डबा घेऊन कर्स्टीकडे गेले. ती ऑफिसला जात नव्हती. केस विस्कटलेले, तुझाच एक जुना स्वेटर अंगात, एसी लावून. वरणभात तिनं खाल्ला. मग फोन माझ्यापुढे धरला. "जेमीनं पाठवलंय. दगडावरचा मजकूर. ठीक वाटतं का बघ, अनुजा. मला आता इंग्रजी वाचूनही काही कळत नाही."

'आणि त्याची पत्नी, लेडी ग्लेनॉरी.'

मी फोन टेबलावर ठेवला. बाहेरच्यानं पडू नये हे माझं मत अजूनही तेच आहे, रूथ. पण तिनं विचारलं होतं. आणि तू बाकावर बसून विचारलं होतंस, बाहेरची? तू?

"कर्स्टी, तुझ्या आईला तिचं माहेरचं नाव हवं होतं. आणि गावाचं."

ती लगेच म्हणाली, "मला माहीत आहे."

मी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"तिनं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, मम, प्लीज, जेमीकडे काही मागायचं नाही. आपण त्या घरातून काहीही न मागता निघालो. तेवढाच आपला मान आहे. आता दगडावरच्या दोन शब्दांसाठी हात पसरायचा?" तिनं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "परत कधी बोलली नाही. मला वाटलं, विसरली."

"विसरली नव्हती."

"तुला सांगितलं होतं?"

"तू रडशील म्हणून तुला पुन्हा सांगितलं नाही."

आणि ती रडलीच. तू घाबरायचीस तशी. पण रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं, घड्याळ बघितलं, इथे संध्याकाळ म्हणजे तिकडे सकाळ, आणि माझ्यासमोर फोन लावला. स्पीकरवर. बहुतेक मी तिथे असण्याचा आधार हवा होता.

तिनं सरळ सांगितलं. पलीकडे एक कुत्रा भुंकला. मग जेमी म्हणाला, "हो. अर्थातच. पण कर्स्टी, आंटी रूथचं माहेरचं नाव काय?"

"तुला माहीत नाही?"

"मला आयुष्यभर त्या ठाऊक आहेत. त्यांनी मला पोहायला शिकवलं. पण नाव... कुणी कधी सांगितलंच नाही."

"कुणी विचारलंच नाही," कर्स्टी म्हणाली. आणि मग एकेक अक्षर, सावकाश, सांगायला लागली. लिंडक्विस्ट. तो पलीकडे लिहून घेत पुन्हा म्हणत होता. विलो फोर्क. नेब्रास्का. रूथ, तू असायला हवी होतीस, एवढंच वाटत राहिलं.

शेवटी तो म्हणाला, "माझ्या आईच्या दगडावरही नाहीये गं." आणि थोड्या वेळानं, "मी बघतो काय करता येईल ते."

काल कर्स्टी तुला घेऊन स्कॉटलंडला निघाली. मी आणि सई चांगी विमानतळावर पोचवायला गेलो. सईनं गाडीत विचारलं, "आंटी रूथ इन द बॅग, इज इट?" मी तिला दटावणार तोच कर्स्टी म्हणाली, "यस, डार्लिंग. शी इज," आणि बॅग मांडीवर नीट घेतली.

आत जायच्या दाराशी ती घुटमळली. सई काचेपलीकडची विमानं बघण्यात गुंग होती. कर्स्टीनं मला विचारलं, "ती तुझ्याशी इतकं बोलायची. माझ्याबद्दल कधी काही बोलली?"

बोलली होतीस. एकदाच, बसस्टॉपवर, बस समोर येऊन थांबत असताना, जणू काही विशेष नाही अशा थाटात. मी तिला ते तुझ्या शब्दांत सांगितलं. तू म्हणाली होतीस, लोकांना वाटतं माझे चांगले दिवस त्या मोठ्या घरात गेले. मला विचारशील तर ते इथे गेले. त्या घरात कर्स्टी आणि मी एकदाही मिळून काही रांधलं नाही. तिथे आचारी होता. इथे ती संध्याकाळी येते, दारातच उंच टाचांचे बूट काढते आणि तिथूनच ओरडते, 'मम, आय अ‍ॅम स्टार्व्हिंग!' त्या एका हाकेसाठी मी दुपारपासून कांदा चिरून ठेवते. हे सगळं पुन्हा मिळणार असेल तर मी तो वळू, तो लिलाव, ते थंड सूप, सगळं पुन्हा करीन.

कर्स्टीनं मला घट्ट धरलं, बॅग मधे आली तरी. मग पाठ वळवून आत गेली. वळून बघेल असं वाटलं, बघितलं नाही.

हे तू तिला स्वतः सांगायला हवं होतंस, रूथ. पण असू दे. पोचलंय.